ब्याऐंशी अंश

मुसफ्फाच्या गॅरेजवाल्याने साडेतीनशे दिरहम सांगितले,
आणि सांगताना माझ्याकडे नाही,
माझ्यामागे कुणी पुरुष उभा आहे का, तिकडे पाहिलं.
थर्मोस्टॅट चाळीसचा. रबरी वायसर त्यातच.
पिशवीत घालून घरी आले.

रविवार. पहाटेची अजान होऊन गेलेली.
शाबियातल्या आमच्या इमारतीमागे
गाडी रात्रभर उभी, तरी बॉनेट हाताला ऊनच लागतं.
ऑगस्टात इथं गार होणं म्हणजे
जरा कमी तापणं.

निहार टॉर्च धरतो. आठ वर्षांचा हात,
उजेड दर दोन मिनिटांनी मांजरामागे जातो.
इकडे रे, इकडे.
खाली त्याचाच अंघोळीचा जुना टब.
नळी सैल केली तसं त्यात कूलंट उतरलं,
सोलकढीच्या रंगाचं.
"पिऊ नकोस हं," म्हणाले, उगाच.
"मी काय बाळ आहे?"

परवा हायवेवर काटा लालपर्यंत गेला
तेव्हा मी आधी एसी बंद केला, मग रेडिओ,
मग बोलणंच.
कडेला थांबून फडक्याने खालची नळी चाचपली.
हवेइतकीच कोमट.
इंजिन उकळत होतं
आणि रेडिएटरला पत्ताच नव्हता.
हा आजार माझ्या ओळखीचा.
रिगवरून हेरंबचा फोन येतो,
मी म्हणते, सगळं ठीक.
तो म्हणतो, इथंही.

दोन नट, दहाचा पाना.
पहिला निमूट आला. दुसऱ्याने जीव खाल्ला,
आणि सुटला तो सरळ इंजिनच्या पोटात.
टण्. मग काहीच नाही.
नातूर गुलजमान लांबून बघत होता.
"बाजी," म्हणत एक काठी घेऊन आला,
टोकाला जुन्या स्पीकरचा लोहचुंबक, सुतळीने बांधलेला.
कितीजणांचे नट काढलेत यानं, विचारलं.
"सबके," म्हणाला,
आणि पुन्हा लांब जाऊन बसला.

जुना थर्मोस्टॅट तळहातावर मावतो.
मधे पितळेची एवढीशी डबी, तिच्यात मेण.
मेण वितळतं, फुगतं, दार ढकलतं.
बस्स, एवढंच यंत्र.
वर जाऊन चहाच्या पातेल्यात दोन्ही सोडले,
थर्मामीटर बुडवला.
लग्नाआधी सहा वर्षं सांगलीच्या लॅबमध्ये
मी हेच करत होते, पगार घेऊन.
ब्याऐंशीला नवा हळूच उघडला,
झोपेतून कुणी एक डोळा उघडावा तसा.
जुना नव्वदला गप्प. शंभरला गप्प.
पाणी उसळून अंगावर आदळतंय
आणि हा आपला घट्ट, कर्तव्यदक्ष.
मला त्याचा राग येईना.

बसवताना छोटी हलती पिन वरच्या अंगाला.
हवेला जायला वाट लागते.
नट आवळले, कूलंट ओतलं,
आणि मग ते, जे गॅरेजवाला गिऱ्हाइकाला सांगत नाही:
हीटर. पूर्ण.
अडकलेली हवा निघेपर्यंत.
नऊ वर्षांत ते बटण लालकडे कुणी फिरवलं नव्हतं.
बाहेर सकाळी सातलाच अडतीस,
आणि आम्ही मायलेक हीटर लावून बसलेले.
आधी जळक्या धुळीचा वास आला,
मग वाळू, पिठासारखी,
मग सोनेरी चमकीचा एक तुकडा,
गाडी घेतली त्या दिवशी शोरूमवाल्यांनी उधळलेली,
इतकी वर्षं आत दडी मारून.
निहार घामाने निथळत हसत सुटला,
"आई, गाडी शिंकली!"

काटा मध्यावर चढला आणि थांबला.
खालची नळी गरम झाली, एकदम, शहाण्यासारखी.
तेवढ्यात फोन. हेरंब.
वारा, जनरेटर, मग त्याचा आवाज.
"सगळं ठीक?"

हीटर बंद करायचा राहिलाच होता.
"नाही," म्हटलं. "वेळ आहे का तुला?"
पलीकडे थोडा वेळ नुसता जनरेटर.
मग तो म्हणाला,
थांब, आत येतो.